पंचगंगेचं पाणी बाटलीत भरताना: नमुना घेण्यापासून बीओडीचा आकडा लिहिण्यापर्यंत

नदीप्रदूषणावरच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मसुदे वाचताना मी निष्कर्षाच्या पानावर शेवटी जाते. आधी पाहते ते नोंदवहीचं पान. बाटली किती वाजता भरली, बर्फात किती वाजता गेली, इन्क्युबेटरमध्ये (ठरलेलं तापमान राखणाऱ्या पेटीत) किती वाजता लागली. बऱ्याच वह्यांमध्ये यातलं काहीच नसतं. तक्त्यात मात्र बीओडी दशांशचिन्हानंतर दोन घरांपर्यंत लिहिलेला असतो.

बीओडी म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंनी ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या तापमानाला, अंधारात किती प्राणवायू खाल्ला त्याचं माप. भारतात ही चाचणी ३ दिवस २७ अंश सेल्सिअसला करतात. बाटलीतलं पाणी जिवंत असतं, आणि तुम्ही गाडीत बसून चहाला थांबलात तरी आतले जिवाणू थांबत नाहीत. म्हणून नदीत पाणी जसं होतं तसंच ते चाचणी सुरू होईपर्यंत टिकवायचं, एवढ्यासाठीच खालचे सगळे टप्पे आहेत. उदाहरणाला कोल्हापूरची पंचगंगा घेतली आहे. शहरातून येणारा जयंती नाला, पुढे इचलकरंजीचा कापड प्रक्रिया उद्योग, साखर कारखाने आणि जागोजागचे कोल्हापुरी बंधारे असं सगळं या एका नदीवर सापडतं. तुमची नदी मुळा-मुठा असो की गोदावरी, क्रम बदलत नाही.

## १. आधी प्रश्न, मग जागा

"नदीचा अभ्यास करायचा आहे" एवढ्याने जागा ठरत नाही. "या नाल्यामुळे नदीत किती भर पडते?" असा प्रश्न असेल तर किमान तीन ठिकाणं लागतात: नाला मिळण्याच्या वरच्या अंगाला नदी, खुद्द नाल्याचं तोंड, आणि खाली पाणी नीट मिसळल्यानंतरची नदी.

बहुतेकांची चूक तिसऱ्या ठिकाणी होते. नाल्याचं काळं पाणी नदीत शिरलं की लगेच पसरत नाही, काठ धरून बरंच अंतर वाहतं. त्याच काठावरून बाटली भरली तर तो नाल्याचाच नमुना होतो, आणि पलीकडच्या काठावरून भरली तर नदी स्वच्छ निघते. वाहकता (पाण्यातून वीज किती सहज जाते ते) मोजायचं छोटं मीटर घेऊन अलीकडचा काठ, मध्य आणि पलीकडचा काठ असं तिन्हीकडे मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे येईपर्यंत खाली सरकत जा. सारखे आले की तिथे पाणी मिसळलं. ही जागा एकदा पक्की झाली की तिचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा आणि दर वेळी तिथेच जा.

बंधाऱ्यांचं गणित वेगळं आहे. पावसाळ्यानंतर बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या बाजूला पाणी डोहासारखं साठतं. गाळ खाली बसतो, शेवाळ वाढतं, तळाशी प्राणवायू संपतो. बरगे काढले की तेच साठलेलं पाणी एकदम खाली सुटतं. राजाराम बंधाऱ्याच्या वर आणि खाली एकाच सकाळी घेतलेले दोन नमुने दोन वेगळ्या नद्यांचे वाटू शकतात. म्हणून बरगे होते की नाही, धरणातून पाणी सोडलं होतं की नाही, गाळप हंगाम चालू होता की नाही, हे नोंदवहीत लिहा. ते न लिहिता ऑक्टोबरची तुलना मेशी करता येत नाही.

तपासा: गेल्या ४८ तासांत पाऊस झाला आहे का? झाला असेल तर तसं लिहा. पहिल्या पावसाचं पाणी शेतं, रस्ते आणि गटारं धुऊन आणतं. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, नेहमीच्या मालिकेत तो मिसळू नका.

## २. वार आणि वेळ ठरवणं

हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतं आणि यावरच बरेच नमुने वाया जातात. चाचणी तीन दिवसांची आहे. गुरुवारी लावली तर काढायची वेळ रविवारी येते, आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असतं. मग सोमवारी चौथ्या दिवशी वाचन होतं आणि तक्त्यात ते बिनबोभाट "३ दिवस" म्हणून जातं. सोमवार, मंगळवार, बुधवार किंवा शुक्रवारी लावा. सुट्ट्यांची यादी बघून लावा.

वेळही दर फेरीला तीच ठेवा. शेवाळ असलेल्या डोहात दुपारी प्रकाशामुळे प्राणवायू चढलेला असतो आणि पहाटे तोच पार खाली आलेला असतो. एका महिन्यात सकाळी सातला आणि पुढच्या महिन्यात दुपारी दोनला गेलात, तर तुमच्या आलेखात नदीची सुधारणा दिसेल. प्रत्यक्षात फक्त सूर्य वर आलेला असेल.

## ३. बाटल्या आदल्या दिवशी

एकाच कॅनमधून सगळ्या चाचण्या होत नाहीत. प्रत्येक चाचणीला वेगळी बाटली आणि वेगळी वागणूक लागते. आदल्या दिवशी बाटल्यांवर लेबल लावा. लेबल ओलं होणार आहे हे धरून पेन्सिलने किंवा पक्क्या शाईने लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी मारा. लेबल झाकणावर नको, बाटलीच्या अंगावर हवं. झाकणं बदलतात.

- बीओडी: स्वच्छ बाटली काठोकाठ भरायची, आत हवा नको. आम्ल अजिबात घालायचं नाही, फक्त बर्फ.
- सीओडी (पाण्यातली घाण जिवाणूंऐवजी रसायनांनी जाळायला लागणारा प्राणवायू): सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणायचा. मग नमुना थंड जागी २८ दिवस टिकतो.
- जड धातू: नायट्रिक आम्ल, पीएच २ च्या खाली. षट्‌संयुजी क्रोमियम हवं असेल तर ती बाटली वेगळी, तिच्यात आम्ल नको, आणि चाचणी २४ तासांत.
- तेल आणि ग्रीस: रुंद तोंडाची काचेची बाटली. नमुन्याच्या पाण्याने विसळायची नाही, कारण तेल काचेला चिकटून राहतं. ही बाटली पूर्ण वापरायची, तिच्यातून भाग काढायचा नाही.
- कोलिफॉर्म (मैलापाण्याची खूण सांगणारे जिवाणू): निर्जंतुक बाटली, विसळायची नाही, वर थोडी मोकळी जागा सोडायची.
- डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू): ३०० मिलिच्या तिरप्या टोकाच्या बुचाच्या बीओडी बाटल्या, प्रत्येक ठिकाणी दोन.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सगळ्याच बाटल्यांत "टिकावं म्हणून" आम्ल टाकणं. बीओडीच्या बाटलीत आम्ल पडलं की जिवाणू मेले. तीन दिवसांनी प्राणवायू जसाच्या तसा सापडतो आणि नाल्याचा बीओडी ३ येतो.

सोबत एक बाटली ऊर्ध्वपातित पाण्याची न्या. ती काठावर उघडा, नमुन्यासारखीच हाताळा आणि परत आणा. तिच्यात काही सापडलं तर ती घाण तुमच्या बाटलीची, हाताची किंवा आम्लाची. शिवाय दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा भरा. दोन्हींचे आकडे किती जुळतात त्यावरून तुमचा हात कळतो.

## ४. काठावर

पाण्यात उतरणार असाल तर प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभे राहा आणि बाटली तुमच्या पुढच्या पाण्यात बुडवा. पायाने ढवळलेला गाळ मागे वाहून जाऊ दे. तोंड खाली करून बाटली साधारण एक फूट आत न्या आणि तिथे ती प्रवाहाकडे वळवा. पृष्ठभागावरचा फेस, तेलाचा तवंग आणि निर्माल्य बाटलीत येऊ देऊ नका. तळही खरवडू नका. घाटाच्या शेवटच्या पायरीवरून वाकून भरलेलं पाणी हे पायरीचं पाणी असतं.

पुलावरून बादली सोडणं सीओडीसाठी, धातूंसाठी चालतं. डीओसाठी नाही, कारण बादली आपटताना पाण्यात हवा शिरते. दुसरा उपाय नसेल तर बादली अलगद बुडवा आणि तिच्यातून रबरी नळीने सायफन करून बाटलीच्या तळापासून भरा. नळीचं टोक तळाला टेकलेलं हवं, आणि पाणी बाटलीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट वाहून जाईपर्यंत नळी काढायची नाही.

ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) किंवा नाल्याच्या तोंडाशी एक बाटली पुरत नाही. कापड प्रक्रियेत रंगाची टाकी रिकामी होते तेव्हा पाणी लालभडक, अर्ध्या तासाने धुण्याचं पाणी जवळपास पांढरं. तुम्ही कुठल्या मिनिटाला पोहोचलात त्यावर निकाल ठरतो. म्हणून दर तासाला नमुना घ्या आणि प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र करा. सकाळी दहाला प्रवाह तासाला ४० घनमीटर असेल तर ४०० मिली, दुपारी दोनला १० घनमीटर असेल तर १०० मिली. सगळ्या तासांचं पाणी सारखंच घातलं तर कमी प्रवाहाच्या तासाला नको तितकं वजन मिळतं. जमा होत जाणारी बाटली पहिल्या तासापासून बर्फातच हवी. पीएच, डीओ, तेल-ग्रीस आणि कोलिफॉर्म मात्र असे एकत्र करून कधीच मोजायचे नाहीत, त्यांचा नमुना एकाच वेळचा.

सावधान: झाकलेल्या चेंबरमध्ये किंवा सांडपाण्याच्या टाकीत (संपमध्ये) डोकं घालू नका, उतरू तर मुळीच नका. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, मग नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं. दोरी लावलेलं भांडं बाहेरून सोडा. एकट्याने जाऊ नका.

आणखी एक: तुमचा नमुना अभ्यासासाठी आहे. १९७४ च्या जल कायद्यातलं कलम २१ नमुना घेण्याची स्वतंत्र पद्धत सांगतं: समोरच्याला नोटीस, नमुन्याचे भाग, सील, दोघांच्या सह्या. ती पाळल्याशिवाय कुठल्या कारखान्याविरुद्ध तो पुरावा ठरत नाही. आकडा हातात घेऊन कुणावर आरोप करायला निघालेल्या मुलांना मी हे आधीच सांगते.

तापमान आणि पीएच तिथेच मोजा. प्रयोगशाळेत नेऊन मोजलेला पीएच हा प्रयोगशाळेतल्या बाटलीचा पीएच असतो.

## ५. डीओ जागेवरच फिक्स करा

फिक्स करणं म्हणजे पाण्यातला प्राणवायू रसायनांनी तिथल्या तिथे बांधून ठेवणं, म्हणजे तो नंतर मोजता येतो. या टप्प्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण पुढचा सगळा बीओडी याच हाताच्या सवयीवर उभा आहे.

१. बाटली वरीलप्रमाणे भरा. बूच लावण्याआधी बाजूने हलकेच टिचकी मारा, काचेला चिकटलेले बुडबुडे वर येतात.

२. पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली नेऊन १ मिली मँगनीज सल्फेट सोडा. मग वेगळ्या पिपेटने १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड. पिपेटी अदलाबदल झाल्या तर द्रावणाच्या बाटलीतच साका (गाळासारखा तळाशी बसणारा थर) बसतो. दोन पिपेटींना दोन रंगांचे दोरे बांधा.

३. बूच तिरपं घालून बसवा. थोडं पाणी बाहेर सांडेल, सांडू द्या. आता बाटली उलटी करून बघा. बुडबुडा फिरताना दिसला तर ही बाटली बाद. "छोटासाच आहे" म्हणून पुढे जाऊ नका. हवेत प्राणवायू पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो.

४. पंधरा-वीस वेळा उलटसुलट करा. साका अर्ध्यापर्यंत बसू द्या. पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या.

५. १ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल घाला, बूच लावा, साका पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. पाणी पिवळं-तपकिरी होईल. आता बाटली अंधारात ठेवली तर आठ तासांपर्यंत टायट्रेशन (थायोसल्फेट मोजून सोडून प्राणवायूचा आकडा काढणं) थांबू शकतं.

साक्याचा रंग वाचायला शिका. गडद तपकिरी म्हणजे प्राणवायू भरपूर. फिकट बदामी म्हणजे कमी. पांढराशुभ्र म्हणजे शून्य. एका विद्यार्थिनीने नाल्याच्या तोंडाशी पांढरा साका पाहिला, द्रावणं खराब झाली असं समजून तीन बाटल्या ओतून दिल्या आणि वहीत "रसायने निकामी" असं लिहिलं. द्रावणं उत्तम होती. त्या दिवशीचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल तिच्या हातात होता आणि तोच तिने नाल्यात ओतला. पांढरा साका दिसला की फोटो काढा, वेळ लिहा, आणि खात्रीसाठी तीच द्रावणं वरच्या अंगाच्या पाण्यावर वापरून बघा. तिथे तपकिरी आला तर रसायनं ठीक आहेत.

टायट्रेशनसाठी २०१ मिली घ्या (द्रावणं २-२ मिली घातली असतील तर २०३). २०० च्या वरचा हा एक ते तीन मिलिचा फरक घातलेल्या द्रावणांनी ढकलून दिलेल्या पाण्याचा आहे. ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट वापरलं तर जितके मिली लागले तितकाच मिग्रॅ/लिटर डीओ. रंग फिकट गवती होईपर्यंत थायोसल्फेट सोडा, मग स्टार्च घाला. आधीच स्टार्च घातलं तर आयोडीन त्यात अडकतं आणि शेवट कळत नाही. निळा रंग पहिल्यांदा गेला तो शेवट. थोड्या वेळाने निळा परत येतो, त्याच्या मागे लागू नका.

तपासा: थायोसल्फेटची तीव्रता शेवटची कधी तपासली? बाटलीवर "०.०२५" लिहिलेलं असणं पुरेसं नाही. हे द्रावण ठेवल्या-ठेवल्या उतरतं.

तपासा: समुद्रसपाटीला २७ अंशाच्या पाण्यात हवेतून साधारण ८ मिग्रॅ/लिटर प्राणवायू मावतो. कोल्हापूर-पुण्याच्या उंचीवर साडेसातच्या आसपास. शेवाळ नसलेल्या पाण्यात ९ किंवा १० आला असेल तर बुडबुडा किंवा थायोसल्फेट, दोहोंपैकी एक चुकलं आहे.

## ६. बर्फ आणि प्रवास

थर्मोकोलची पेटी म्हणजे थंडी नव्हे. बर्फ नसलेली पेटी बाटल्यांची ऊब आतच धरून ठेवते. बाटल्यांच्या गळ्यापर्यंत फोडलेला बर्फ भरा, तापमान ४ अंशाच्या आसपास आलं पाहिजे. बाटल्या गोठवू मात्र नका. बीओडीची चाचणी सहा तासांत लागली तर उत्तम, एका दिवसापलीकडे नको. शनिवारी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत घरच्या फ्रिजमध्ये ठेवून लावलेला मी पाहिला आहे. तो आकडा प्रबंधात जाऊ नये.

## ७. सीओडी आधी करा

बीओडीसाठी नमुना किती पातळ करायचा हे अंदाजाने ठरवावं लागतं, आणि तो अंदाज सीओडीवरून येतो. म्हणून त्याच दिवशी सीओडी: पोटॅशियम डायक्रोमेट, सल्फ्युरिक आम्ल, सिल्व्हर सल्फेट, १५० अंशाला दोन तास. क्लोराइड जास्त असेल तर मर्क्युरिक सल्फेट क्लोराइडच्या दहापट वजनाचं लागतं. रंगाच्या कारखान्यांच्या सांडपाण्यात मीठ भरपूर असतं, तिथे हे विसरलात तर मिठाचाच सीओडी मोजला जातो.

पद्धत नीट चालते का हे बघायला लिटरला ४२५ मिग्रॅ पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट विरघळवा. सीओडी ५०० यायला हवा.

## ८. पातळ करायचं पाणी आणि सीड

ऊर्ध्वपातित पाण्यात दर लिटरला फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड प्रत्येकी १ मिली. हे पाणी २७ अंशाला आणून स्वच्छ हवेने भरपूर ढवळा. क्षार आदल्या दिवशी घालून ठेवू नका, फॉस्फेटच्या बफरमध्ये जिवाणू फार लवकर वाढतात.

घरगुती सांडपाण्यात आणि नदीत जिवाणू असतातच. कारखान्याच्या पाण्यात ते नसतील किंवा मेलेले असतील, तेव्हा बाहेरून घालावे लागतात. त्यालाच सीड म्हणतात. घरगुती सांडपाणी बसू द्यायचं आणि वरचं निवळ पाणी वापरायचं. त्याआधी नमुन्याचा पीएच ७ च्या आसपास आणा. क्लोरीन असेल तर सोडियम सल्फाइटने मोजून घालवा. मोजून यासाठी, की जास्तीचं सल्फाइट स्वतःच प्राणवायू खातं.

तपासा: सीड न घातलेल्या ब्लँकमध्ये (नमुना नसलेल्या, नुसत्या पातळ करायच्या पाण्याच्या बाटलीत) तीन दिवसांत ०.२ मिग्रॅ/लिटरपेक्षा जास्त घट नको. जास्त आली तर पाणी, भांडी किंवा नळ्या अस्वच्छ आहेत.

तपासा: ग्लुकोज आणि ग्लुटॅमिक आम्ल प्रत्येकी १५० मिग्रॅ/लिटर असलेलं द्रावण दर फेरीत लावा. ५ दिवस २० अंशाच्या पद्धतीत त्याचा बीओडी १९८, अधिक-उणे ३०.५ असा धरतात. आपल्या ३ दिवस २७ अंशाच्या चाचणीतही तो त्याच परिसरात यावा. ११० आला तर सीड मरगळलेलं आहे आणि त्या फेरीतले सगळे नमुने संशयास्पद आहेत.

## ९. बाटल्या लावणं

नमुना बर्फातून काढून थेट लावू नका. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. तेच पाणी इन्क्युबेटरमध्ये तापलं की जादा प्राणवायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि ती घट तुम्ही जिवाणूंच्या नावावर लिहिता. नमुना २७ अंशावर आणा. अर्धवट भरलेल्या बाटलीत हलवून जादा हवा जाऊ द्या.

आता डायल्युशन, म्हणजे नमुना किती पातळ करायचा ते. समजा सीओडी ४०० आला आणि पाणी घरगुती वळणाचं आहे, तर बीओडी निम्म्याच्या आसपास, म्हणजे २०० धरा. तीन दिवसांत साडेतीन मिग्रॅ/लिटर घट हवी असेल तर ३.५ भागिले २००, म्हणजे ०.०१७५. ३०० मिलिच्या बाटलीत साधारण ५ मिली नमुना. तरीही एकच बाटली लावू नका: ३, ५ आणि ९ मिली अशा तीन पातळ्या, प्रत्येकी दोन. रंगाच्या कारखान्याच्या पाण्यात बीओडी सीओडीच्या निम्म्यापेक्षा बराच कमी असतो, तिथे जास्त नमुना घ्या.

बीओडी ३-४ असलेलं नदीचं पाणी पातळ करायची गरज नाही, तसंच भरा.

प्रत्येक पातळीची एक बाटली लगेच टायट्रेट करा, दुसरी इन्क्युबेटरमध्ये. बुचाभोवतीच्या कडेत पाणी भरा आणि वरून टोपी घाला. ते पाणी आटलं की हवा आत शिरते. इन्क्युबेटरचा दिवा बंद आहे ना, हे दार लावताना बघा. प्रकाश मिळाला तर शेवाळ आतच प्राणवायू तयार करतं. आत कमाल-किमान तापमापी ठेवा. रात्री वीज गेली होती का, हे सकाळी तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही.

## १०. तिसरा दिवस आणि हिशेब

लावलेल्या वेळेलाच काढा. प्रत्येक बाटलीला दोन अटी लावा: शेवटी किमान १ मिग्रॅ/लिटर डीओ उरलेला हवा, आणि किमान २ मिग्रॅ/लिटर घट झालेली हवी. ज्या बाटल्या बसत नाहीत त्या सरासरीत घेऊ नका. डीओ शून्यावर गेला असेल तर "बीओडी यापेक्षा जास्त आहे" एवढंच त्या बाटलीवरून म्हणता येतं. पातळ न केलेल्या स्वच्छ नदीच्या पाण्यात घट २ पेक्षा कमी येणारच, तो अपवाद.

उदाहरण बघा. ६ मिली नमुना, ३०० मिलिची बाटली, म्हणजे प्रमाण ०.०२. सुरुवातीला ७.४, शेवटी ३.६, घट ३.८. त्याला ०.०२ ने भागलं की १९०. पण या बाटलीत सीड होतं, आणि स्वतंत्रपणे लावलेल्या सीडच्या बाटलीवरून कळलं की तेवढं सीड एकटंच ०.८ खातं. मग ३.८ वजा ०.८ म्हणजे ३.०, भागिले ०.०२, बीओडी १५०. चाळीसचा फरक एका वजाबाकीचा आहे. ईटीपीच्या प्रक्रियेनंतरच्या पाण्यात तो मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवून जातो.

आकडा विचित्र आला तर:

बीओडी सीओडीपेक्षा जास्त येऊ शकत नाही. आला तर दोनपैकी एक चूक आहे. बहुतेक वेळा सीओडीच्या बाटलीत गाळ आला नाही आणि बीओडीच्या बाटलीत आला, म्हणजे नमुना नीट हलवला नव्हता.

नमुना जितका पातळ करावा तितका बीओडी वाढत जातो? पाण्यात जिवाणूंना मारणारं काहीतरी आहे, जड धातू किंवा दुसरं विष. पातळ केल्यावर विष सौम्य होतं आणि जिवाणू कामाला लागतात. अशा वेळी तिन्हींची सरासरी काढणं ही मोठी चूक. तिन्ही आकडे द्या आणि कारण लिहा. ज्या पाण्यात बीओडी कमी आहे ते पाणी स्वच्छच असतं असं नाही, हे अशा तक्त्यातूनच दाखवता येतं.

प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा बीओडी अपेक्षेपेक्षा जास्त येत असेल तर अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू प्राणवायू खात असतील. त्यांना रोखणारं रसायन घालून एक जोडी वेगळी लावून बघा.

## ११. आकडा लिहिताना

"बीओडी ३ दिवस २७ अंश" असं पूर्ण लिहा. परदेशी शोधनिबंधांत बहुधा ५ दिवस २० अंश असतो. शून्य लिहू नका, "मापनमर्यादेपेक्षा कमी" लिहा. १४७.३८ लिहू नका, १५० लिहा. या चाचणीला दशांशचिन्हापुढचं काही दिसत नाही.

तुलना कशाशी करता ते सांगा. प्रक्रिया करून नदीत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३० आणि सीओडी २५० मिग्रॅ/लिटर आहे. आंघोळीच्या पाण्याचा निकष बीओडी ३ किंवा कमी आणि डीओ ५ किंवा जास्त. नृसिंहवाडीच्या घाटावरचं पाणी ३० च्या मर्यादेशी लावून "निकषात बसते" असं लिहिलेलं वाचलं की वाईट वाटतं. तिथे माणसं डुबकी घेतात.

तीव्रतेसोबत भारही द्या. मिग्रॅ/लिटरला दशलक्ष लिटर प्रतिदिन प्रवाहाने गुणलं की दिवसाचे किलो मिळतात. नाल्याचा प्रवाह मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा आखा, संत्रं किंवा अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली सोडा, सेकंद मोजा. समजा रुंदी ४ मीटर, सरासरी खोली अर्धा मीटर, बाटलीला २५ सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.४ मीटर. वरचं पाणी खालच्यापेक्षा जलद असतं म्हणून ०.८५ ने गुणा, ०.३४. क्षेत्रफळ २ चौरस मीटर, प्रवाह सेकंदाला ०.६८ घनमीटर, दिवसाला साधारण ५९ दशलक्ष लिटर. बीओडी १२० असेल तर रोज सात टनांच्या आसपास. पावसाळ्यात तीव्रता घटते म्हणून नाला सुधारल्यासारखा दिसतो. भार काढला की खरं काय ते कळतं.

## १२. उरलेलं आवरणं

बीओडी बाटल्या त्याच दिवशी धुवा. आत सुकलेला थर पुढच्या फेरीचा ब्लँक बिघडवतो. साबणाने धुतल्या तर आठ-दहा वेळा विसळा.

सीओडीच्या नळ्यांतलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. त्यात पारा, चांदी आणि क्रोमियम आहे, आणि बेसिनचा पाइप शेवटी त्याच नाल्याला जातो ज्याचा नमुना तुम्ही सकाळी आणला. झाकणाचा प्लॅस्टिकचा कॅन ठेवा, त्यावर "सीओडी टाकाऊ: आम्ल, पारा, क्रोमियम" असं लिहा, आणि भरला की घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे पावती घेऊन द्या. ती पावती नोंदवहीतच चिकटवा, त्या फेरीच्या पानाला.